तांबड्या भोपळ्याचा वेल गाडायला काय घ्यावं, लोहाराचं खुरपं की ऑनलाइनवाला पंजा

सरळ सांगतो, उन्हाळी भोपळ्याचे वेल गाडायचे असतील, म्हणजे वेलाच्या पेरांवर माती चढवायची असेल, तर सांगलीच्या आठवडी बाजारात रस्त्याकडेला लोहार बसतात त्यांच्याकडचं आखूड पात्याचं खुरपं घ्या, दीडशेला मिळतं, आणि तो ऑनलाइन येतो ना तीन दातांचा पंजा, लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा, तो कुंड्यांना ठेवा. मी दोन्ही वापरलेत.

वेल गाडायचा कशाला असं भिलवडी-अंकलखोपकडं कुणीपण विचारेल, कारण आपल्याकडं भोपळा म्हणजे बांधाला टोचलेलं बी, वेल जाईल तिकडं जाऊ दे, भोपळा लागला तर लागला. पण ह्या वेलाला प्रत्येक पेरावर मूळ फुटायची सोय असते. पान, तणावा (आधाराला गुंडाळणारा धागा), फूल जिथनं निघतं तिथंच खालच्या अंगाला बारीक पांढरट टोक दिसतं बघा, ते ओल्या मातीला टेकलं की आठ-दहा दिवसांत मूळ धरतं. असं पेर न पेर रुजलं की वेल नुसत्या बुंध्याच्या जिवावर राहत नाही, एप्रिलच्या उन्हात पानं कमी माना टाकतात, आणि वळवाच्या वाऱ्यानं अख्खा वेल उलटा होऊन पडायचं टळतं. परदेशात राक्षसी भोपळे वाढवणारे हेच करतात, २०२३ ला कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या स्पर्धेत ट्रॅव्हिस गिंगर ह्या माणसाचा भोपळा १,२४७ किलो भरला होता, एक भोपळा! आपल्याला तेवढा नकोच, पिकअपमध्ये चढवणार कोण, पाच-सहा किलोचा घट्ट गराचा निघाला तरी बास.

घोळ कुठं होतो, तर गाडायचं म्हटलं की माणूस वेलाशेजारी चर खणायला लागतो. भोपळ्याचं सोटमूळ खाली जातं खरं, पण पाणी न खत ओढणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात, वेल पसरलाय जवळपास तिथपर्यंत. चर मारला की तीच तुटतात, म्हणजे नवीन मुळांसाठी जुनी घालवली. म्हणून खणायचं नाही, वर माती घालायची. उसाला भर लावतो तसंच, फक्त हलक्या हातानं आणि शक्यतो माती दुसरीकडनं आणून. मी नदीकाठच्या मळीची भुसभुशीत माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून घमेल्यानं आणतो आणि पेरावर दोन-तीन इंच चढवतो, एवढंच.

आता ह्यात हत्याराचं काम किती, तर आणलेली माती वेलाकडं ओढायची, पेराखाली सरकवायची आणि वरची पापडी मोडायची. पंजा इथं मार खातो. दात टोकदार, दाबलं नाही तरी काळ्या मातीत दोन-तीन इंच आत जातो, आणि बाहेर काढताना दातांत पांढऱ्या मुळांचा झुपका. दिसायला मजबूत आहे, स्टील चांगलं आहे, गंजला नाही, पॅकिंग पण एक नंबर, पण ह्या कामाचा नाही. माती ओढायला गेलं की तीन दातांमधनं निसटून जाते. पावणेचारशे रुपये.

खुरप्याचं पातं चपटं, जमिनीला आडवं धरलं की वरच्यावर सरकतं, खाली घुसतच नाही. घेताना मी म्हटलं, "मामा, पातं आखूड ठेवा आणि धार नको फार." तर म्हणाले, "धार नको मग खुरपं कशाला न्यायलाय, उलथनं न्या की घरातलं." हसले पण करून दिलं, तिथंच दोन ठोके टाकून टोकाची अणी बोथट केली. पैसे तेवढेच. हे तुम्हाला कुठलं ॲप करून देणार.

पॉवर वीडरवाल्यानंपण (तण काढायचं इंजिनाचं मशीन) भर लावून देतो म्हणून तासाचा रेट सांगितला होता. लावणीच्या आधी बोद, म्हणजे मातीचे उंच वरंबे, करायला मशीन झकास आहे, पण वेल पळायला लागल्यावर त्याची फिरती पाती सरीत घालणं म्हणजे मुळांचा भुगा. आणि एका दुकानात मुळं फुटायची पावडर गळ्यात मारायला बघत होते, गरज नाही, भोपळ्याला ओल मिळाली की तो आपला आपण फुटतो.

वापरायची पद्धत पण लिहितो, नाहीतर खुरप्याला शिव्या घालाल. वापसा असतानाच करा, म्हणजे माती ना चिकट ओली ना कोरडी, ओल्या काळ्या मातीत पात्याला गोळे चिकटतात आणि वेल ओढला जातो. आधी त्या पेराचा तणावा खुडा, तो शेजारच्या पानाला धरून बसलेला असतो आणि वेल हलवताना पान फाटतं. वेल सरळ करून दोन फाट्यांच्या काडीनं, म्हणजे बेळक्यानं, जमिनीला टेकवा आणि मग माती. पानाचा देठ गाडू नका, तो आतनं पोकळ असतो, मोडला तर पाणी शिरून कुजतो. बुंधा उघडाच ठेवा. शेंड्याकडचा दोनेक फूट कोवळा भाग सोडा, तो वाढून जून झाला की मग. फळ धरलेल्या पेरालापण मी माती लावत नाही, भोपळा फुगतो तसा देठाला वर उचलायला मोकळीक लागते, जखडला तर देठ तडकतो.

एक धोका आहे तो पण ऐका. लाल भुंगेऱ्यांची अळी मातीत राहते आणि मुळं, जमिनीलगतचा वेल खाते, त्यामुळं पानांवर भुंगेरे दिसत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, गाडणं नंतर. आणि पावसाळी भोपळ्याला हा उद्योग करू नका, काळी माती पाणी धरून ठेवते, वेल मातीखाली सडतो. पावसात तो नुसता टेकला तरी रुजतो.

रेटिंग म्हणाल तर पाचपैकी पंज्याला दोन, खुरप्याला चार. एक मार्क मुठीपायी गेला, लाकूड ओलं होतं बहुतेक, उन्हात सुकल्यावर पातं खुळखुळायला लागलं, बाभळीची बारीक पाचर ठोकली तेव्हा बसलं. घेतानाच मूठ पिळून बघा. आणि डावखुरे असाल तर आधीच सांगा, पात्याचा बाक उजव्या हाताचा असतो, मामा उलटा करून देतात पण मग तासभर चहा पीत थांबावं लागतं.