ढेकूण घालवायचे कसे: घरच्या घरी, पेस्ट कंट्रोलने, की गादीच फेकून?

आमच्या नवी पेठेतल्या घराची माडी कॉट बेसिसवर दिलेली आहे. आठ लोखंडी खाटा, आठ कपाटं, स्पर्धा परीक्षेची आठ मुलं. गेल्या बारा वर्षांत माडीवर तीनदा ढेकूण झाले आणि एकदा खाली, आमच्या स्वतःच्या पलंगात. माडीवरचे मी आणि मुलांनी मिळून घालवले. खालच्यांनी दोन महिने छळलं आणि शेवटी पेस्ट कंट्रोलनेच गेले. त्यामुळे घरगुती उपाय बरे की पेस्ट कंट्रोल, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "झोपता कशावर?"

आधी ते ढेकूणच आहेत का?

पहिल्या खेपेला हे कळायलाच महिना गेला. खिडकीजवळच्या खाटेवरचा मुलगा म्हणायचा, पित्त उठतंय. त्याच्या आईने गावाहून आमसुलं पाठवली, तो रोज आमसुलाचं पाणी प्यायचा आणि रोज सकाळी दंडावर नव्या गांधी घेऊन उठायचा. खरं तर पित्ताची गांध काही तासांत विरते आणि दुसरीकडे उठते. एकाच जागी ती दिवसभराच्या वर सहसा टिकत नाही. ढेकूण चावलेली जागा चार-सहा दिवस लाल राहते. चावे बरेचदा ओळीने किंवा पुंजक्याने, पांघरुणाबाहेर राहिलेल्या भागावर असतात: मान, दंड, पोटऱ्या. पिसवा बहुतेक घोट्याच्या आसपास चावतात, आणि तेव्हा घरात मांजर किंवा कुत्रं आहे का ते बघावं. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला खाज असेल आणि ती रात्री वाढत असेल, तर खरूज असू शकते. तिथे गादी उन्हात घालून काही होत नाही, डॉक्टरच गाठावा लागतो.

पण नुसत्या चाव्यांवरून निकाल देऊ नका. एकाच खोलीत एकाचं अंग सुजतं आणि दुसऱ्याच्या अंगावर साधा डागही उमटत नाही. आमच्याकडे ज्याला "पित्त" झालं होतं त्याच्या खाटेत चार-पाच ढेकूण सापडले. शेजारचा मुलगा "मला काही चावत नाही बुवा" म्हणून फुशारकी मारत होता. मुख्य वसाहत निघाली ती त्याच्या खाटेत.

शोधायचं असेल तर गादीची शिवण बघा. मी टॉर्च घेते आणि जुनं एटीएम कार्ड शिवणीच्या खाचेतून सावकाश ओढत नेते. पेनाच्या टोकाने टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले, त्यावर ओला कापूस फिरवला आणि तांबूस-काळा डाग पसरला, की समजा ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. सोबत फिकट, पोकळ काती असतात. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला आधी रक्त लागतं. अंडी पांढरी, जेमतेम एक मिलिमीटरची, लाकडाला किंवा कापडाला चिकटलेली. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा, तांबूस-तपकिरी, उपाशी असताना मसुरीच्या सालीसारखा चपटा. झुरळाचं पिल्लू त्याहून लांबुडकं असतं, लांब मिशा घेऊन सुसाट पळतं. कापसाच्या गादीत टाक्यांचे खड्डे विसरू नका. तीच त्यांची आवडती जागा. मग खाटेचे सांधे, भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू, पडद्याच्या चुण्या, स्विचबोर्ड, बॅगेची चेन.

एक दिलासा आहे. ढेकणामुळे माणसाला कुठला रोग होतो असं आजवर दिसलेलं नाही. खाज, जागरण आणि लाज, एवढंच तो देतो. म्हणून रात्री दोन वाजता घाबरून घरात विष ओतायची गरज नाही. आणि अस्वच्छतेचा टोमणा तर कुणी मारूच नये. त्याला रक्त हवं आणि फट हवी, फरशी पुसलेली आहे का हे तो बघत नाही.

कुठलाही मार्ग घ्या, गणित अंड्यांचं

मादी रोज काही अंडी घालते, ती साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात आणि आपल्या हवेत महिना-दीड महिन्यात ती पिल्लं स्वतः अंडी घालायला लागतात. बहुतेक फवारे अंड्यांपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे आज सगळे मेले तरी दहा दिवसांनी नवी फौज बाहेर पडणार. म्हणून उपाय दहा ते पंधरा दिवसांच्या अंतराने किमान दोनदा, बहुधा तीनदा करावा लागतो. घरगुती उपाय "चालत नाहीत" आणि पेस्ट कंट्रोलवाले "फसवतात" या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी बरेचदा एकच गोष्ट असते: दुसरी फेरी झालेली नसते.

खोली महिनाभर बंद ठेवून त्यांना उपाशी मारू, हाही बेत करू नका. उष्ण हवेतही ते काही महिने रक्तावाचून काढतात, थंडीत त्याहून जास्त.

ऊन, उकळतं पाणी, इस्त्री

पन्नास अंश तापमान तासभर टिकलं तर ढेकूण अंड्यांसकट मरतो. औषधासारखी या शस्त्राची त्याला सवय होत नाही. चादरी, अभ्रे, मच्छरदाणी उकळत्या पाण्यात बुडवा किंवा मशीनमध्ये ६० अंशांवर धुवा. धुता न येणारं कापड कडक इस्त्रीखालून काढा, शिवणींवर थांबत थांबत.

लोखंडी खाटेला याहून चांगला उपाय नाही. माडीवरच्या खाटा पोकळ नळ्यांच्या आहेत. आम्ही त्या गच्चीत नेल्या, आडव्या पाडल्या, पायांची रबरी बुचं पकडीने उपटली आणि वरच्या तोंडातून उकळतं पाणी सोडलं. पहिल्या खाटेतून आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग काळपट गाळ, आणि त्या गाळात मोजता येणार नाहीत इतके ढेकूण. मुलं दोन पावलं मागे सरली. शेजारच्या खाटेवरचा तो फुशारकीवाला गप्पच झाला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच केलं, तेव्हा पाण्यात जेमतेम पाच-सहा निघाले. खर्च म्हणाल तर गॅस आणि एक रविवार.

गादीचं मात्र इतकं सोपं नाही. "मे महिन्यात गच्चीत टाक, मरतील" हा सल्ला अर्धाच खरा. वरची खोळ चटका देते, पण आत हात घातला तर कापूस कोमट. ढेकूण काही उन्हात तळून घ्यायला थांबत नाही, खालच्या सावलीच्या बाजूला चालत जातो. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गादी पूर्ण गुंडाळून, तोंडं चिकटपट्टीने बंद करून तापलेल्या स्लॅबवर ठेवली आणि दुपारी उलटली, तर पातळ गादीत गुण येतो. जाड गादीत येईलच असं नाही. पावसाळ्यात तर हा मार्गच बंद.

छोट्या वस्तूंना उलटा उपाय आहे. पुस्तकं, चपला, मऊ खेळणी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा. बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी नसेल तर उपयोग नाही.

कडुनिंबाचा पाला, वेखंड, कापूर, डांबरगोळ्या हे सगळं आमच्या सासूबाईंनी करून पाहिलं. खोलीला वास छान येतो. ढेकूण तिथेच राहतात.

खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी रीत वाईट नाही, पण पाणी हवंच. परदेशी व्हिडिओत गुळगुळीत प्लॅस्टिकची कोरडी वाटी दाखवतात, तिच्यातून ढेकणाला वर चढता येत नाही म्हणे. ते युरोप-अमेरिकेतल्या जातीबद्दल. आपल्याकडे प्रामुख्याने आढळते ती उष्ण प्रदेशातली जात, सायमेक्स हेमिप्टेरस. तिच्या पायांची ठेवणच अशी की ती गुळगुळीत भिंतही चढून जाते.

दुकानातला फवारा

सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात फसवा. डब्यातला फवारा ज्या ढेकणाच्या अंगावर थेट पडतो त्याला मारतो. बाकीचे विखुरतात. खालच्या पलंगाला आम्ही आधी हाच मारला आणि आठवड्याभरात ढेकूण सोफ्यात पोचले. या फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि त्याला न जुमानणारे ढेकूण जगभर झाले आहेत. ही त्यांची जुनीच खोड. डीडीटीलाही १९४० च्या दशकातच ते सरावू लागले होते. धूर सोडणारे डबे तर नकोच, धूर खोलीभर पसरतो, फटीत शिरत नाही. खडूच्या रेघा मुंग्या-झुरळांसाठी असतात.

रॉकेल ओतणाऱ्यांना एवढंच सांगते की लाकूड, कापूस आणि रॉकेल यांना एकत्र आणून वर आपण झोपायचं, हा प्रकार मला कधी समजला नाही.

पेस्ट कंट्रोल

खाली आमच्याकडे प्लायवूडचा बॉक्सचा पलंग आहे, आत सामान, मागे भिंतीला ठोकलेली फळी. तिथे उकळतं पाणी ओतलं तर प्लाय फुगतो. फटी इतक्या की कार्ड जाणार कुठे कुठे? अशा घरात मी आता वेळ घालवणार नाही, सरळ पेस्ट कंट्रोल.

पण बोलावताना नीट बोलावा. आमच्याकडे पहिला आला तो चादर न उचलता गादीवर फवारून वीस मिनिटांत गेला, वर सहा महिन्यांची गॅरंटी देऊन. तिसऱ्या आठवड्यात सगळं जैसे थे. दुसऱ्याने आधी विचारलं, पलंग खोलता येतो का? सुताराकडून मागची फळी काढून घेतली, प्रत्येक खिळ्याच्या भोकात नळी घातली, स्विचबोर्डच्या कडा पावडरने भरल्या आणि जाताना पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून दिली. दोन फेऱ्यांचे मिळून साडेतीन हजार झाले. दोघांतला फरक औषधापेक्षा मेहनतीत होता.

फोनवर तीन गोष्टी विचारा. परवाना आहे का (कीटकनाशकं १९६८ च्या कायद्याखाली येतात आणि हा धंदा करायला परवाना लागतो), औषधाचं नाव काय, आणि दुसरी फेरी दरात धरली आहे का. "नुवान मारतो, एकदम जालीम" असं कुणी म्हणाला तर फोन ठेवा. त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. फवारणीनंतर सांगतील तितके तास घराबाहेर राहा, आल्यावर खिडक्या उघडा. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस असेल तर त्यांना त्या रात्री दुसरीकडेच झोपवा. फिशटँक आधी हलवा. आणि लगेच फरशी फिनेलने घासू नका, औषधाचा थर राहू द्या. आमच्या कामवाल्या मावशींनी पहिल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी सगळं चकाचक करून टाकलं होतं.

गोळ्या: हा पर्यायच नाही

धान्यात ठेवायच्या गोळ्या, ज्यांना लोक सल्फास म्हणतात, खोलीत ठेवून दार लावून घ्या, असा सल्ला अजूनही मिळतो. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. त्यावर उतारा नाही. तो भिंतीच्या भेगांतून, डक्टमधून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातो. ढेकणांसाठी ठेवलेल्या या गोळ्यांनी माणसं मेली आहेत, त्यात झोपलेली मुलंही. कायद्याने त्या सामान्य गिऱ्हाइकाला विकायलाही परवानगी नाही. कुणी दिल्या तर घेऊ नका, कुणी ठेवल्या असतील तर घराबाहेर पडा आणि शेजाऱ्यांनाही काढा.

गादी फेकावी का?

बहुतेक वेळा नाही. ढेकूण गादीइतकेच पलंगात असतात, मग नवी गादी म्हणजे त्यांना नवं घर. आधी पलंग स्वच्छ, मग गादीचा विचार. कापसाची गादी पिंजून घेता येते, पण पिंजाऱ्याला आधी सांगा, त्याच्या दुकानात दुसऱ्यांच्याही गाद्या असतात. फोमची गादी शिवणीला फाटून आतपर्यंत ठिपके गेले असतील तर मात्र माया नको. फेकताना तिच्यावर चीर मारा आणि मोठ्या अक्षरात "ढेकूण" लिहा, नाहीतर रात्रीतून कुणीतरी ती उचलून घरी नेतो.

तर, लोखंडी खाट, एक खोली, हाताशी दोन माणसं असतील तर पाणी आणि इस्त्री, दोन आठवड्यांनी पुन्हा. बॉक्सचा पलंग, सोफा, दोनहून जास्त खोल्या किंवा घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर पेस्ट कंट्रोल, पण पलंग खोलून. बिल्डिंगमध्ये वर-खालीही असतील तर सगळ्यांनी एकाच दिवशी फवारून घ्या, नाहीतर ते फक्त मजले बदलतात. मी स्वतः खाली पुन्हा वेळ आली तर पहिल्याच आठवड्यात फोन करीन आणि फवाऱ्याच्या डब्याला हातही लावणार नाही.

शेवटच्या फेरीनंतर दीड महिना दर रविवारी कार्ड शिवणीतून फिरवा. नवा ठिपका नाही म्हणजे गेले.

माडीवर आता नवा मुलगा आला की त्याची वळकटी अंगणात, फरशीवर, उन्हात उघडली जाते. आया-बाबांना राग येतो, विशेषतः आयांना. मी त्यांच्या हातात चहा देते, टॉर्च घेते आणि चेन उघडते.