शाळेत इंजिनिअरिंग शिकवायचंय: बी.एड. करून आत जावं, की किट घेऊन बाहेरून?

गेल्या महिन्यात माझ्या नणंदेची लेक घरी आली ती दोन कागद घेऊनच. एक बी.एड. सीईटीच्या माहितीचा, दुसरा एका रोबोटिक्स कंपनीचं ऑफर लेटर. आष्ट्याला इलेक्ट्रॉनिक्स केलेली मुलगी. पुण्याला आयटीत जायचं नाही, सांगलीतच राहून शाळेतल्या पोरांना हातानं काहीतरी बनवायला शिकवायचं, हे तिचं पक्कं. "मामी, दोन्हीकडे शाळाच आहे ना? मग फरक कशाचा?"

मी दोन्ही केलंय. कुपवाड एमआयडीसीत तीन वर्षं मशिन शॉपवर काढली, मग दीड वर्ष शाळांत रोबोटिक्सचे तास घेणाऱ्या एका कंपनीची ट्रेनर म्हणून शाळा फिरले, आणि मग बी.एड. करून विज्ञान-गणिताची शिक्षिका झाले. त्या रात्री तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय. वालचंद, राजारामनगर, आष्टा, कराड इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांत शिकवण्याची ओढ असलेली मुलं-मुली मला दरवर्षी भेटतात आणि त्यांचा प्रश्न हाच असतो.

आधी कंपनीची बाजू, कारण ती लगेच हातात पडते. परीक्षा नाही, दोन वर्षांची वाट नाही. इंटरव्ह्यू झाला की पुढच्या महिन्यात वर्गात. नवीन किट, सेन्सर, मोटरी सगळं हाताखाली येतं, आणि वर्गापुढे उभं राहायची भीती पहिल्या पंधरवड्यात मोडते. मला बोलायला त्या नोकरीनं शिकवलं, हे मी कधी विसरणार नाही. आज सांगली, उद्या मिरज, परवा तासगाव असं फिरल्यामुळे वेगवेगळ्या शाळांची नाडी कळते. कुठल्या मुख्याध्यापिका स्वतः येऊन मागच्या बाकावर बसतात आणि कुठे फक्त फोटोपुरतं बोलावलं जातं, हे चार महिन्यांत ओळखू येतं.

पण तास चाळीस मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं किट वाटण्यात आणि शेवटी स्क्रू मोजून परत घेण्यात जातात. पाच मुलांत एक किट. एक जोडतो, चार बघतात, आणि जोडणारा बहुतेक वेळा तोच एक धीट मुलगा असतो. मुली तारा धरून उभ्या राहतात. माहितीपुस्तकात पायरी सहा, पायरी सात असं दिलेलं असतं आणि तास संपायच्या आत किटमधून जोडलेली गाडी काळ्या पट्टीवरून धावलीच पाहिजे, कारण तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर जायचा असतो. गाडी अडखळली तर ती का अडखळली हे शोधायला वेळ कुठला? मी स्वतः पटकन तार बदलून द्यायचे. मुलं टाळ्या वाजवायची. मला घरी येताना एसटीत चैन पडायची नाही.

दुसरी गोष्ट कराराची. शाळा आणि कंपनी यांचा करार वर्षाचा असतो. जूनमध्ये शाळेनं कंपनी बदलली आणि माझी दीडशे मुलं एका फोनवर गेली. माझे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे दिवाळीला मिळाले. सगळ्या कंपन्या अशा नसतात, पण सही करण्याआधी विचारायच्या गोष्टी मला त्यातूनच कळल्या.

आता आतली वाट. ती लांब आहे, हे आधीच मान्य करून चाला. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालंय. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, 2014 च्या नियमांत इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना बी.एड.ला प्रवेशाची सोय आहे, त्यासाठी 55 टक्के लागतात. दोन वर्षांत मिळून 20 आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम असतं आणि ते मन लावून केलं तर बाकीच्या अभ्यासापेक्षा जास्त शिकवून जातं. पुढे सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर. आणि अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, 200 गुणांची, त्यात 120 अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे. नंतर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचा पसंतीक्रम. टेट 2017 ला झाली, मग थेट 2023 ला, मग 2025 ला. मधल्या वर्षांत बी.एड. होऊन बसलेल्यांनी काय सोसलं ते मी जवळून पाहिलंय. टेटच्याच भरवशावर घराचं गणित मांडू नका.

लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पगाराऐवजी ठरावीक मानधन. माध्यमिकला मानधन महिना 18,000 रुपये. जानेवारी 2023 पूर्वी ते 8,000 होतं, तेव्हा कोणाला हा सल्ला द्यायला माझी जीभ वळत नव्हती. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी. आणखी एक खबरदारी: संस्थेच्या जाहिरातीत "बी.एस्सी. बी.एड." एवढंच लिहिलेलं असेल तर बी.ई. चालेल का, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या. तोंडी "चालतंय की" वर जाऊ नका.

पैसे आणि वेळ पाहिला तर पहिल्या पाच वर्षांत कंपनीचं पारडं जड दिसतं. तरी मी भाचीला आतली वाट धर म्हणाले. का, ते एका बादलीवरून सांगते.

आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, म्हणजे मुलांनी हातानं वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत मिळतात: 10 लाख उभारणीला आणि 10 लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. लॅब सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. मी रुजू झाले तेव्हा थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिक घातलेलं होतं आणि किल्ली ऑफिसच्या कपाटात. ती माझ्या पर्समध्ये यायला एक सत्र गेलं. त्यासाठी भांडण नाही केलं, रोज मधल्या सुट्टीत जाऊन मागत राहिले.

आठवीतल्या एका मुलीनं ठरवलं की नदीचं पाणी मोजायचं यंत्र करायचं. सांगलीच्या पोरांना हे सुचवावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे आकडे इथे पाढ्यांसारखे पाठ असतात. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा ही मुलगी लहान होती, आजीच्या कडेवर बसून गल्लीतून नावेत चढलेली तिला आठवते. तिनं बादलीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर बांधला. तो आवाजाची टिचकी सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते, त्या वेळेवरून अंतर काढायचं. पोरं हमखास दोनानं भागायला विसरतात आणि बादली दुप्पट खोल निघते. तिचीही निघाली. पहिला आठवडा तिथे गेला.

दुसऱ्या आठवड्यात आकडा बरोबर यायला लागला, पण बादलीला धक्का लागला, लाट उठली की आकडे नाचायचे. बारा, सतरा, नऊ, चौदा. "बाई, नदीत तर लाटा असणारच की." मी गप्प राहिले. गप्प राहणं फार अवघड जातं. मला उत्तर माहीत होतं आणि ते जिभेवर आलं होतं. तिनं घरून दोन इंची पाइपचा तुकडा आणला आणि सेन्सर त्याच्या तोंडावर बसवला. आकडे आणखी बिघडले, कारण आवाज पाइपच्या आतल्या भिंतींवर आपटून परत यायला लागला. ती रडवेली झाली. घरी जाऊन आजोबांना सांगितलं तर त्यांनी शेतातला चार इंची पाइपचा तुकडा काढून दिला आणि म्हणाले, खाली भोकं पाड, पाणी आत येईल पण लाट येणार नाही. तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर स्क्रीनवर एकच आकडा बराच वेळ स्थिर राहिला.

नदीवरच्या पाणीपातळी मोजणीच्या ठिकाणी अशीच विहीर बांधतात, तिला स्टिलिंग वेल म्हणतात. मी तिला हे नाव त्यानंतर सांगितलं.

कंपनीच्या नोकरीत मी पहिल्याच दिवशी "भागिले दोन कर" सांगून पाइपही स्वतःच लावला असता, कारण पुढच्या बुधवारी मी त्या शाळेत असेनच याची खात्री नव्हती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबता येणं, हा दोन नोकऱ्यांतला खरा फरक. आतल्या शिक्षिकेला ते मूल सहावीत भेटतं आणि दहावीपर्यंत दिसतं.

आतल्या माणसाला आणखी एक गोष्ट मिळते ती म्हणजे नोंद करायचा हक्क. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या योजनेला मुलांच्या कल्पना शाळेकडूनच जातात, निवड झालेल्या मुलाला वस्तू बनवायला 10,000 रुपये मिळतात. तालुका-जिल्हा विज्ञान प्रदर्शनाला मार्गदर्शक शिक्षक म्हणून नाव लागतं. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेसारख्या संस्थांची शिक्षकांसाठी प्रशिक्षणं असतात, तीही शिक्षक म्हणूनच मिळतात. कंपनीचा ट्रेनर या सगळ्याच्या बाहेर उभा असतो, मग त्याला विषय कितीही येवो. आणि लॅबची संख्या वाढणार आहे. 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत 50,000 टिंकरिंग लॅब जाहीर झाल्या. लॅबचं काम साधारणपणे शाळेतल्याच शिक्षकाकडे येतं, त्यासाठी वेगळी भरती होईल या आशेवर बसू नका. पण तिथे सोल्डरिंग येणारा शिक्षक असला तर किल्ली त्याच्याकडे येते.

मधली एक वाट आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून नववी ते बारावीला व्यवसाय शिक्षणाचे विषय चालतात: मल्टी स्किल, ऑटोमोटिव्ह, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे. त्याचे प्रशिक्षक एजन्सीमार्फत कंत्राटी घेतात. नोकरी कच्ची, पण काम कंपनीपेक्षा खूप भरीव, कारण विषय वेळापत्रकात असतो, त्याला गुण असतात, आणि रोज तीच मुलं. डिप्लोमा झालेल्यांनी इकडे जरूर पाहावं. मल्टी स्किलचं मूळ पाबळच्या विज्ञान आश्रमात आहे. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये तो सुरू केला. शेती, घर-आरोग्य, ऊर्जा-पर्यावरण आणि वर्कशॉप असे चार विभाग, आठवड्याचा एक दिवस हातानं काम, आणि शिकवायला गावातलाच हुशार कारागीर. मला वाटतं आपल्या जिल्ह्याला ही पद्धत जन्मतः जवळची आहे. 1910 पासून किर्लोस्करवाडीत कारखाना आहे, पलूसच्या पोरांच्या घरात कोणीतरी लेथवर उभं राहिलेलं असतं. मिरजेतल्या सतारमेकरला वर्गात बोलावून भोपळ्याला गळा कसा बसवतात हे दाखवायला सांगा. ध्वनीचा धडा पुस्तक न उघडता होतो.

नोकरी सोडायची नसेल, म्हणजे तुम्ही कॉलेजात लेक्चरर असाल किंवा कुपवाडला डिझाइनमध्ये, तर अटल मिशनचं मेंटॉर होणं आहे. पैसे मिळत नाहीत, आठवड्याचे एक-दोन तास द्यायचे. शाळेतल्या शिक्षकाला अशा माणसाचा केवढा आधार वाटतो ते मी सांगू शकते. सांगलीच्या विश्रामबागेत स्वतःचा क्लास काढायचा विचार असेल तर एवढंच: एप्रिल-मेमध्ये जागा पुरत नाही आणि ऑगस्टमध्ये भाडं अंगावर येतं. पालक विचारतात, यानं मार्क वाढतील का? त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल तरच काढा.

मग कोणी काय निवडावं? वय तेवीस-चोविसाच्या आत, घरावर तुमच्या पगाराचा भार नाही, गणित-विज्ञान रोज शिकवायला आवडेल: बी.एड. करा, दुसरा विचार नको. "रोज" यावर जोर आहे. आठवड्यातले बहुतेक तास समीकरणं आणि उत्तरपत्रिकांचे असतात, लॅबचे थोडे. समीकरणांचा कंटाळा असेल तर ही वाट तुम्हाला आणि मुलांना, दोघांनाही जड जाईल. घरात आत्ता पैसे लागणार असतील तर कंपनी घ्या, त्यात कमीपणा नाही, पण दोन वर्षांची मुदत मनाशी ठरवून घ्या. शनिवार मोकळा मागा आणि तो गावातल्या एका शाळेला द्या, म्हणजे एका तरी वर्गाचा तिसरा आठवडा तुम्हाला दिसेल. डिप्लोमा आणि हातात कसब असेल तर मल्टी स्किल.

कंपनीच्या सहीआधी विचारा: मे महिन्याचा पगार आहे का, एका वर्गात किती मुलांमागे एक किट, शाळांत फिरायचं पेट्रोल कोणाचं, आणि शाळेनं करार मोडला तर तुमची नोकरी राहते का. उत्तरं पत्रात मागा. संस्थेत अर्ज करताना एकच जास्तीचं विचारा: लॅबची किल्ली कोणाकडे असते?

भाचीनं बी.एड.चा अर्ज भरला. शनिवारी दुपारी माझ्याकडे लॅबमध्ये येते, पोरांना सोल्डरिंग शिकवते. मुलींना आधी. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या वडिलांचं ऑपरेशन झालंय, तिनं कंपनी घेतली. मे महिन्याचा पगार पत्रात लिहून घेतलाय, आणि शनिवार सुट्टीचा.