मुलीचं नाव: तारा, मीरा, माया की इरा?

सध्या ज्याच्या घरी मुलगी होते त्याच्या लिस्टमध्ये ही चार नावं असतातच. दोन अक्षरी, बोलायला सोपी, परदेशातल्या मावशीलाही जमणारी. गोची अशी की प्रत्येकाला चार-पाच अर्थ आहेत आणि नावांच्या अ‍ॅपवर त्यातले फक्त गोड गोड तेवढे दिलेले असतात.

इरापासून सुरू करते, कारण हल्ली तीच जास्त ऐकू येते. अ‍ॅप सांगतं पृथ्वी, वाणी. बरोबरच आहे, पण अमरकोशात 'इरा भूवाक्सुराप्सु स्यात्' असं आहे, म्हणजे पृथ्वी, वाणी, पाणी आणि मधे चक्क सुरा, हो, दारूच! हिब्रूत इरा हे मुलाचं नाव, रशियात इरिनाचं लाडाचं रूप आणि ते मूळ ग्रीक, अर्थ शांती, तर लॅटिनमध्ये इरा म्हणजे राग. आता यातलं बारशाला कोणाला कळणार आहे, पण अमेरिकेत राहणार असाल तर तिथे तेच स्पेलिंग बघून सगळे 'आयरा' म्हणणार आणि शिवाय ती तीन अक्षरं म्हणजे तिकडचं रिटायरमेंट अकाउंट. फार आवडत असेल तर सरळ इरावती ठेवा आणि घरी इरा म्हणा. इरावती कर्वेंचा जन्म ब्रह्मदेशातला, तिथल्या नदीवरून नाव, अशी भक्कम गोष्ट तरी सांगता येते.

माया मला स्वतःला सगळ्यात मराठी वाटतं, आणि प्रॉब्लेमही तिथेच आहे. आईची माया आहे, वेदांतातली माया आहे, साहेबांनी जमवलेली बेहिशेबी माया आहे आणि शिंपी ब्लाउजला आत सोडतो तीही मायाच. सासरे अध्यात्मवाले असतील तर 'सगळी माया आहे' हा जोक जन्मभर ऐकायची तयारी ठेवा. पण बुद्धाच्या आईचं नाव आहे, बाहेरच्या देशांतही कुठे अडत नाही, स्पेलिंगचा घोळ जवळपास नाही. नाव जुनं वाटतं म्हणून लोक सोडतात, मला ते कारण पटत नाही.

मीरा म्हटलं की आपल्याकडे संत मीराबाई, विषय संपला. स्लाव्हिक भाषांत 'मिर' म्हणजे शांती, लॅटिनमध्ये मीरा म्हणजे अद्भुत, आणि त्याच अर्थाने एका ताऱ्याला 1662 मध्ये हे नाव दिलं गेलं, तो साधारण अकरा महिन्यांच्या चक्रात उजळतो आणि मग नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाच्या माताजी मूळच्याच मीरा, जन्म पॅरिसचा. म्हणजे दोन्हीकडे चालतं हे सिद्ध झालेलं आहे. कटकट एकच, एक आय की डबल ई, ते पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर आधार एक आणि पासपोर्ट दुसरा. मुंबईत असाल तर मीरा रोड आहेच.

आणि तारा. नक्षत्र, तारून नेणारी, बौद्धांची देवी, वालीची बायको, पंचकन्यांतली एक. आयर्लंडमध्ये राजांची टेकडी तारा. पण आपल्याला एवढं लांब जायचं कारणच काय, औरंगजेबाशी लढलेल्या महाराणी ताराबाई आहेत, 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आहेत. फार तर शाळेत कोणी 'अकलेचे तारे' म्हणेल, तेवढं चालतं.

नावरस अक्षर बघणार असाल तर ता स्वातीत येतं, ई कृत्तिकेत, मा आणि मी दोन्ही मघात, म्हणजे पत्रिकेच्या नावाखाली माया-मीराचं भांडण सुटायचं नाही, फार तर चरणावरून वाद घालाल. आमच्यात पाळण्यातलं नाव वेगळंच ठेवतात त्यामुळे मी यात पडत नाही.

माझा क्रम: तारा, मग मीरा, मग माया, इरा शेवटी. घरात आधीच कोणी तारामावशी असेल आणि तिच्याशी बोलणं बंद असेल तर मात्र मीरा. आणि बाराव्या दिवशी ठरलंच नाही तरी टेन्शन नको, जन्माची नोंद 21 दिवसांत करा, नावाची जागा रिकामी राहिली तरी चालते, वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.