चीफ्सच्या ‘स्प्रेड ट्रेंड्स’साठी महिना पंचवीस डॉलर? माझ्याकडून दोन तारे

कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कमध्ये राहायचं आणि चीफ्स या कॅन्सस सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमपासून लांब राहायचं, हे जमत नाही. कॅन्ससमध्ये १ सप्टेंबर २०२२ पासून फोनवरून बेटिंग कायदेशीर झालं आणि रविवारी दुपारी बाराच्या मॅचला पोह्यांच्या डिशबरोबर ‘आज स्प्रेड काय?’ हेही सुरू झालं. २०२४च्या सीझनला आमच्या ह्यांनी एका साइटची वर्गणी भरली. चीफ्सच्या प्रत्येक मॅचआधी ‘ट्रेंड्स’चं, म्हणजे जुन्या मॅचमध्ये कुठल्या बेट्स जिंकल्या त्याचं, पान येतं. मी विमा कंपनीत आकड्यांचंच काम करते, त्यामुळे ते पान आधी माझ्यापुढे सरकवलं जायचं. साइटचं नाव लिहीत नाही. या सगळ्या एकाच साच्यातल्या असतात.

नवख्यांसाठी थोडक्यात: स्प्रेड किंवा लाइन म्हणजे बुकीने आधीच ठरवलेला गुणांचा फरक. चीफ्स ‘उणे सात’ असतील तर त्यांनी आठ किंवा जास्त गुणांनी जिंकलं तरच तुमचे पैसे होतात. बरोबर सातने जिंकले तर लावलेले परत, त्याहून कमी फरक पडला तर गेले. आणि १०० जिंकायला ११० लावावे लागतात. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरातल्या बावन्नहून जास्त बेट्स बरोबर यायला हव्यात.

आधी चांगलं सांगते. पान स्वच्छ आहे, पटकन उघडतं. आठवड्याभरात लाइन कशी सरकली त्याचा आलेख खरंच उपयोगी. त्याहून आवडला तो विजयाच्या फरकांचा तक्ता. फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) ३ गुणांचा आणि टचडाउन (बॉल पलीकडच्या टोकाला नेणं) त्यानंतरच्या किकसकट ७चा, म्हणून बऱ्याच मॅच नेमक्या याच फरकांवर संपतात. उणे अडीच आणि उणे साडेतीन यांत एकाच गुणाचं अंतर, पण मधे तो ३ बसलाय. एवढं डोक्यात घेतलं तरी खूप झालं. मात्र तक्त्यात २०१५च्या आधीच्याही मॅच ओतल्यात. त्या वर्षी टचडाउननंतरची किक मागे नेली, ती ३३ यार्डांची झाली आणि जास्त चुकायला लागली. जुनं-नवं वेगळं ठेवायला काय जात होतं?

आता ट्रेंड्स, ज्याचे पैसे घेतात. ‘घरच्या मैदानावर, दहाहून जास्त गुणांनी फेव्हरिट, आपल्याच डिव्हिजनच्या टीमविरुद्ध.’ वाचायला भारदस्त. (फेव्हरिट म्हणजे बुकींच्या मते जिंकणारे, डिव्हिजन म्हणजे लीगमधला चार टीमचा गट.) पण एवढ्या चाळण्या लावल्यावर खाली मूठभर मॅच उरतात आणि त्यातल्या निम्म्या चीफ्सचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) महोम्स यायच्या आधीच्या. लालबागला आमचे काका कल्याण मटक्याचे चार्ट पुढ्यात पसरून ‘ही जोडी येणारच’ म्हणायचे, तोच आत्मविश्वास या पानाला आहे, फक्त रंगसंगती बरी.

२०२४चे चीफ्स तर ट्रेंडवाल्यांची परीक्षाच होते. १५ जिंकले, २ हरले, आणि तरी त्यांच्यावर लावणारे रडत होते. डेन्व्हरशी १६-१४, तेही शेवटची किक अडवली म्हणून. कॅरोलायनाशी ३०-२७. मग २९ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, रेडर्सविरुद्ध. त्या दिवशी आम्ही ॲरोहेड या चीफ्सच्या स्टेडियममध्ये होतो, तीन-तीन थर अंगावर चढवून. रेडर्सच्या नावावर तेव्हा दोनच विजय, त्यामुळे लाइन बारा-तेरा गुणांची. ह्यांनी घरूनच चीफ्सवर लावून ठेवले होते, कारण स्टेडियम शेजारच्या मिझुरी राज्यात आहे आणि तिथे तेव्हा ॲप पैसे घ्यायचंच नाही (मिझुरीत हे सुरू झालं १ डिसेंबर २०२५ला). साइटच्या ‘आत्ता लावा’ अशा सूचना मात्र खिशात सारख्या गुरगुरत होत्या. शेवटची काही सेकंदं उरलेली, चीफ्स १९-१७ने पुढे, बॉल रेडर्सकडे आणि फील्ड गोलच्या टप्प्यात. क्वार्टरबॅकचं लक्ष नसताना सेंटरने बॉल मागे दिला, तो सांडला आणि निक बोल्टनने त्यावर झडप घातली. अख्खं स्टेडियम नाचत होतं. आमचे हे दोन्ही हात वर करून नाचत होते आणि चेहरा मात्र पाकीट हरवल्यासारखा.

माझा खरा राग आहे ‘अंडरडॉग असताना चीफ्स’, म्हणजे बुकींनी त्यांना हरणारे धरलं असताना, या ओळीवर. ती वाचून माणूस हुरळतो, कारण २०२३ आणि २०२४च्या फेब्रुवारीत, दोन्ही सुपर बोलमध्ये (सीझनच्या अंतिम सामन्यात), बुकींनी त्यांना किंचित कमी लेखलं होतं आणि दोन्ही त्यांनी जिंकले. पण त्याच ओळीत ५ जानेवारी २०२५ची डेन्व्हरची मॅचही मोजली आहे. तिथे ते मोठे अंडरडॉग होते आणि ३८-०ने हरले. का? पहिला नंबर आधीच पक्का झालेला, महोम्सला खेळवलंच नव्हतं. सुपर बोल आणि ही विश्रांतीची मॅच एका रांगेत उभी करून काढलेल्या टक्क्यांना काय अर्थ? साधी एक टीप टाकली असती तर चाललं असतं. मी मेल केला, छापील आभार आले.

आणि हे ट्रेंड बुकीला ठाऊक नसतात का? लाइन लावताना त्याच्यासमोर हेच आकडे असतात, आणि कोण जखमी आहे तेही.

हिशेब बघा. आमच्यासारखे मॅचला २२ डॉलर लावणारे असाल तर जिंकल्यावर २० मिळतात. महिन्यात चार मॅच. दोन जिंकल्या, दोन हरल्या तर ४ डॉलर गेले, वर वर्गणीचे २५. तीन जिंकल्या तर वर्गणी वजा जाता हातात १३. म्हणजे चारातल्या तीन बरोबर यायला हव्यात, आणि तसं दर महिन्याला ज्याला जमतं त्याला या पानाची गरज काय?

मॅच बघायची गंमत वाढावी म्हणून घ्यायचीच असेल तर फुकटच्या भागात लाइनचा आलेख आणि फरकांचा तक्ता दोन्ही मिळतात, तेवढ्यावर थांबा. पैसे भरलेच तर सुपर बोल झाल्याबरोबर रद्द करा, कारण मार्च ते ऑगस्ट सीझनची एकही मॅच नसताना वर्गणी कापली जाते. रद्द करायचं बटण ॲपमध्ये नाही. वेबसाइटवर लॉगिन करून ‘बिलिंग’मध्ये अगदी तळाशी, करड्या अक्षरांत आहे.