मोतिया सांगून सोफिया माथी मारला: रोशा गवताच्या करारात १,३६,००० रुपये गेले

बालाघाटाच्या माळावर रोशा आपोआप उगवतं. त्याचे दोन प्रकार, गुलाबाच्या वासाचा मोतिया अन् आल्याच्या वासाचा सोफिया. गुडघे धरले की आमच्याकडं रोशाचंच तेल चोळतात. म्हणून 'रोशाची करार शेती' ऐकून शंका आली नाही, कुणालाच आली नसती. करार घेऊन आलेला माणूस, आजोबांची खानदेशात रोशाचं तेल काढायची भट्टी होती म्हणाला. नंदुरबार-तळोद्याकडं अशा भट्ट्या खरंच होत्या, मग खोटं कसं धरायचं?

नोंदणी ११,०००. दोन एकराला ६०,००० रोपं, दीड रुपयाला एक, म्हणजे ९०,०००. भट्टीतला वाटा ३५,०००. एकूण १,३६,०००, सोयाबीनचे आणि आईच्या पाटल्या मोडून आलेले. तेल किलोला २,२०० रुपयांनी घेणार, असं स्टॅम्प पेपरवर होतं. पैसे मात्र कुणा बाईच्या बचत खात्यावर मागितले. असं खातं दिसलं की एक रुपया टाकू नका.

पिकअपमधून रोपं उतरली तेव्हाच कळायला पाहिजे होतं. आईनं पान चुरगाळून नाकाला लावलं. "आरं, याला आल्यावानी वास येतोय. बाटलीतल्या तेलाला गुलाबाचा होता." तो शेजारीच उभा. "मावशी, उन्हातून आलीत, रुजली की वास भरतो." अन् आम्ही रोपं उतरवून घेतली! अजून झोप लागत नाही. पण मोतिया अन् सोफिया रोपात ओळखायचे कसे? मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबाचा वास देणारा घटक, भरपूर, म्हणून साबण-अत्तरवाले त्यालाच भाव देतात. हे शेतकऱ्यानं बांधावर तपासायचं का? ज्या वाफ्यातली रोपं, त्याच गवताच्या तेलाचा प्रयोगशाळेचा अहवाल आधी मागा.

फुलोऱ्यात कापणी केली, तेव्हा करारातली बारीक ओळ पुढं आली: 'गुणवत्तेत बसल्यासच खरेदी'. सोफिया त्यानंच दिला, त्यानंच नाकारला. मग फोन बंद.

पोलीस ठाण्यात म्हणाले, करार आहे ना, मग दिवाणी बाब, कोर्टात जा. वकील म्हणतो आधी गुन्हा नोंदवा. कृषी कार्यालयात म्हणे हे पीक आमच्या यादीत नाही. साहेब बैठकीला, बाबू जेवायला, अर्जाची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. सोयाबीनच्या पैशाला ठकवलं तर गुन्हा, गवताच्या पैशाला ठकवलं तर नाही का?

शंभर किलो ओल्या गवताला तेल अर्धा किलोच्या आसपास निघतं. हा दोन किलो सांगत होता. असं सांगणाऱ्याला बांधावरूनच परत लावा.

पाटोदा-आष्टीकडं याच पद्धतीनं कुणाची रोपं उतरली असतील तर पावत्या घेऊन पुढं या. एकट्याचा अर्ज ते बाजूला टाकतात, दहा जणांचा टाकता येणार नाही.