मिरजेच्या मुलांच्या वॉर्डमधला शनिवारचा कलावर्ग

मिरजेतल्या एका धर्मादाय रुग्णालयात मुलांच्या वॉर्डमध्ये दर शनिवारी सकाळी एक कलावर्ग भरतो. तो चालवणाऱ्या स्वयंसेवकांना प्रसिद्धी नको आहे, म्हणून त्यांचे व रुग्णालयाचे नाव येथे देत नाही. माझ्या भाच्यावर तेथे रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून त्याचे उपचार साधारण २ ते ३ वर्षे चालतात, आणि एवढ्या काळात सुई केव्हा टोचायची, काय खायचे, कोणाला भेटायचे नाही, हे सारे मुलाच्या वतीने दुसरेच कोणी ठरवत असते. या वर्गाचे मोल मला वाटते ते येथेच. खाटेजवळ आल्यावर ताई आधी विचारतात, ‘आज काही करायचं का?’ आणि मूल ‘नको’ म्हणाले तर कसलीही गळ न घालता पुढच्या खाटेकडे जातात. सिस्टरला, डॉक्टरांना किंवा आईला ‘नको’ म्हणून चालत नाही. येथे चालते, आणि त्या नकाराचाही मान राखला जातो.

साहित्याची निवड पाहिली की या मंडळींनी डॉक्टरांशी बसून किती बारकाईने विचार केला आहे ते कळते. गणपतीच्या दिवसांत आम्हा पालकांपैकी काहींनी शाडूची मागणी केली होती, पण केमोमुळे, म्हणजे कर्करोगावरच्या औषधांमुळे, पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला मातीतल्या बुरशीपासून गंभीर संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे शाडू, वाळलेली पाने, ताजी फुले यांतले काहीच वॉर्डमध्ये येत नाही. त्याऐवजी बंद पाकिटातली रंगीत क्ले प्रत्येक मुलाला वेगळी मिळते व ती त्याच्याकडेच राहते. खडूंची पेटीही ज्याची त्याला. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी असतील तर कात्री मिळत नाही, कागद हाताने फाडून चिकटवायचा; फाटलेल्या कडांमुळे डोंगर आणि ढग उलट अधिक चांगले जमतात, हे मी मुद्दाम नोंदवतो. विन्क्रिस्टीन या औषधाने काही मुलांच्या बोटांतली ताकद कमी होते, सदऱ्याचे बटणही लागत नाही, अशांसाठी जाड खडू असतात आणि ब्रशच्या दांड्यावर स्पंजची पट्टी गुंडाळलेली असते. केमोच्या दिवसांत उग्र वासाने मळमळ वाढते, म्हणून तैलरंग व वासाचे स्केचपेन वर्ज्य आहेत. शक्य असेल तेव्हा शनिवारी सलाईनची सुई मुलाच्या लिहित्या हाताला लावू नये, एवढे सिस्टरही सांभाळतात. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल.

मुलाने काय काढावे यात ताई लक्ष घालत नाहीत, अर्थही लावत नाहीत. एका आईने काळजीने विचारले, ‘सगळं काळंच रंगवतोय, मनात काही आहे का हो त्याच्या?’ तेव्हा उत्तर मिळाले की आम्ही कलोपचारतज्ज्ञ नाही, तशी शंका असेल तर रुग्णालयाच्या समुपदेशकांशी बोला. कदाचित त्याच्या पेटीतला काळा खडूच तेवढा धड उरला असेल. स्वतःच्या मर्यादेची ही जाण मला फार आवडली. एड्रियन हिल हा ब्रिटिश चित्रकार १९३८ मध्ये क्षयाच्या उपचारांसाठी आरोग्यधामात असताना चित्रे काढू लागला आणि मग तेथल्या इतर रुग्णांनाही त्याने त्याची गोडी लावली. पुढे त्यातून कलोपचाराचे शास्त्र उभे राहिले, त्यासाठी रीतसर शिक्षण लागते, आणि हा वर्ग तसा दावा करीत नाही.

कधीकधी कागदी पिशव्यांच्या बाहुल्यांचा खेळ होतो. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले, तिच्या शेजारी मुलांना नाटक शिकवावे लागत नाही. सलाईनच्या स्टँडला दाढी चिकटवून त्याचा राजा करण्याची कल्पना मुलांचीच होती. गाण्याचा भाग मात्र बेताचा आहे. मिरजेसारख्या तंतुवाद्यांच्या गावात मोबाइलवरची बालगीते ऐकवावीत, हे खटकते. पुसून स्वच्छ करता येईल असा एखादा लहान तंबोरा ठेवायला हरकत नसावी.

याहून मोठ्या उणिवा दोन आहेत. अथणी, चिकोडीकडून येणारी बरीच मुले कानडी बोलतात. चित्राच्या वेळी त्यांचे अडत नाही, पण गोष्ट सुरू झाली की ती भिंतीकडे तोंड करून पडतात. कानडी येणारा एक तरी स्वयंसेवक मिरजेत मिळू नये, हे पटत नाही. दुसरे म्हणजे, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढेही ससा आणि फुगे असलेली रंगवायची पाने ठेवली जातात. या वयाच्या मुलांना केस गेल्याची लाज असते, शाळा बुडाल्याची बोच असते, आणि त्यांच्या हाती ससा दिला की ‘नको’ हे उत्तर ठरलेलेच. अशा वेळी तो नकार निवडीचा राहत नाही. त्यांना कॅमेरा, सुलेखन, चित्रकथा असे काही द्यायला हवे. वेगळ्या खोलीत ठेवलेल्या मुलांपर्यंत वर्ग पोहोचत नाही, पण संसर्गाचा धोका पाहता त्याचा दोष मी गटाला देणार नाही. निदान साहित्याचे बंद पाकीट सिस्टरकडून आत पाठवता येईल.

वर्गाला शुल्क नाही आणि मुलांचे फोटो काढले जात नाहीत, देणगीदारांसाठीसुद्धा नाही. थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले रक्त चढवण्यासाठी दर दोन ते चार आठवड्यांनी येतात. त्यांच्या पालकांनी डॉक्टरांना विचारून शक्यतो शनिवारची तारीख घ्यावी, कारण रक्ताची एक पिशवी चढायला तीन-चार तास लागतात आणि त्यातला निम्मा वेळ येथे बरा जातो. आदल्या दिवशी मुलाचा काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, कळला असेल तर तो ताईंना आधीच सांगावा. मदत करू इच्छिणाऱ्यांनी घरातली जुनी खेळणी आणि कापडी बाहुल्या नेऊ नयेत, त्या परतच येतात. जाड खडूंच्या न उघडलेल्या पेट्या आणि चांगला जाड कागद मात्र नेहमीच कमी पडतो.