मराठी-कन्नड अहवाल: रायटर की स्क्रायबस?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्थांचा वार्षिक अहवाल मराठीत असला, तरी त्यात कन्नड नोटीस, ठराव आणि पत्ते येतातच. असा अहवाल मुक्त सॉफ्टवेअरवर लावायचा ठरल्यास लिबरऑफिस रायटर (वर्डसारखा लेखनाचा प्रोग्रॅम) आणि स्क्रायबस (छपाईसाठी पाने मांडण्याचा प्रोग्रॅम) हे दोन पर्याय समोर येतात. मी दोन्हींवर हे काम केले आहे. टंकनाच्या दृष्टीने त्यांत डावेउजवे नाही. लिनक्सवर कन्नडची 'कगप' ही उच्चारानुसारी कळफलक मांडणी मराठीसाठीही मिळत असल्याने, एकदा बोटे बसली की लिपी बदलली तरी कळा शोधाव्या लागत नाहीत.

सोय पाहिली तर रायटरच सरस आहे. ताळेबंदाचे तक्ते, पृष्ठांक, कोणीही पाठवलेली फाइल, सगळे तिथे विनातक्रार चालते. स्क्रायबसमध्ये मजकूर आधी चौकटीत ओतावा लागतो, तो मावला नाही तर पुढची चौकट जोडावी लागते आणि तक्त्यांच्या बाबतीत तर अक्षरशः घाम फुटतो. त्याच्या जुन्या 1.4 मालिकेत जोडाक्षरेही नीट जुळत नसत. संगणकावर तीच असेल, तर जानेवारी 2024 मध्ये आलेली 1.6 घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

तरीही माझ्या लेखी पारडे स्क्रायबसकडे फिरले ते रायटरच्या एका त्रासामुळे. रायटरच्या शैलीत फॉन्टचे तीन कप्पे असतात: पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या तिसऱ्याच कप्प्यात पडतात. तिथे मुक्ता हा फॉन्ट दिला की मराठी सुरेख दिसते, पण मुक्तात कन्नड अक्षरे नसल्यामुळे रायटर संगणकावरचा दुसराच एखादा फॉन्ट उचलतो आणि वरच्या पट्टीत मात्र 'मुक्ता' असेच दाखवत राहतो. घरी नीट बसलेला कन्नड ठराव छापखान्यातल्या संगणकावर ओळभर लांबला आणि अध्यक्षांची सही तेवढी एकटी पुढच्या पानावर गेली. पीडीएफ दिल्यास हे टळते, हे मान्य. पण शेवटच्या दुरुस्त्या छापखान्यातच बसून करण्याची आपल्याकडची रीत काही सुटत नाही. जाणकारांना विचारावे तर 'कन्नडसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल (निवडलेल्या अक्षरांपुरती शैली) करा' असे उत्तर मिळते. उत्तर बरोबर आहे, परंतु चार जणांकडून आलेल्या मजकुरात एखादा शब्द त्या स्टाइलविना राहिला, तर रायटर त्याची वाच्यता करत नाही.

वेगळ्या स्टाइलचे कष्ट स्क्रायबसमध्येही चुकत नाहीत. मात्र तिथे फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर त्या जागी रिकामा चौकोन उमटतो, आणि पीडीएफ करण्यापूर्वीच्या तपासणीत तो दोष नोंदला जातो. सुरुवातीला पानभर चौकोन पाहून जीव मेटाकुटीला येतो खरा, पण आमच्याकडे मुद्रिते तपासणाऱ्या अनेकांना कन्नड बोलता येते आणि सफाईने वाचता येत नाही. त्यांच्या नजरेतून बदललेला फॉन्ट निसटतो, चौकोन निसटत नाही. रंगीत मुखपृष्ठासाठी सीएमवायके, म्हणजे छापखान्याच्या चार शाईंतली, पीडीएफ मिळते, हा वरचा लाभ.

अहवाल निव्वळ मराठी असेल किंवा मोजक्या झेरॉक्स प्रती काढायच्या असतील, तर कदाचित रायटर पुरेसा ठरेल. कन्नड मजकुरासह छापखान्यात जाणार असेल, तर मजकूर रायटरमध्ये लिहून ती ओडीटी (रायटरची नेहमीची) फाइल स्क्रायबसमध्ये ओढावी, असे मी सुचवीन; ताळेबंद तेवढा पीडीएफ करून चित्राच्या चौकटीत बसवावा लागेल.